कोऱ्या फॉर्मवरची सही

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार, सकाळी नऊ. ठिकाण : ग्रामदेवीच्या देवळाचा सभामंडप. हजर : गावकर, गुरव, वाडीतल्या बावीस घरांपैकी एकोणीस घरांचे कर्ते पुरुष, खांबांच्या पलीकडे चौदा बायका, त्यांत गावकरांची सून, आमच्या संस्थेचे इंजिनिअर साहेब, गवंडी, आणि मी. गैरहजर : तीन, तिघेही मुंबईला. कामकाज : गोबरगॅसच्या खड्ड्यांसाठी देवीला कौल लावणं.

पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या डायरीतलं हे पान आहे. बैठकीला कोण आलं, कोण नाही, हे आधी लिहून घ्यायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची, ही माझी पद्धत. त्या पानावरची हजेरी बिनचूक आहे. नाही ते एकच : गावकर त्या दिवशी देवीसमोर उभे राहून काय बोलले. तो मला विधी वाटला, कामकाज वाटलं नाही, म्हणून तेवढा वेळ मी पेन बंद करून हात जोडून उभी राहिले. त्या दिवसाचं खरं कामकाज तेवढंच होतं.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि रत्नागिरीतल्या एका संस्थेत गोबरगॅसचं काम बघत होते. गावात जायचं, घरं निवडायची, गोठ्यातली गुरं मोजायची, लोकांना पटवायचं, फॉर्म भरायचे आणि खड्डा खणण्यापासून शेगडी पेटेपर्यंत मागे लागायचं. ही वाडी शहरापासून सत्तावीस किलोमीटरवर. एस. टी. फाट्यावर सोडायची, पुढे तासभर सडा तुडवायचा. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. चैत्रात तिथून चालताना चपलेच्या आतून चटका बसायचा.

वाडी चालायची ती गावकरांच्या शब्दावर. गावकर हा देवळातला मान. सरकारदरबारी त्याची कुठे नोंद नसते. शिमग्याला पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि वाडीत कुठलंही मोठं काम निघालं की सगळ्यांच्या वतीनं देवीसमोर बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, तेही त्यांनी. सगळे त्यांना आबा म्हणत. मीही म्हणायला लागले.

आबा सत्तरीला आलेले होते. गुडघ्यापर्यंत पंचा, अंगात बंडी, काखेत काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधीच पाहिली नाही. पाऊस असला की ते पानांचं इरलं डोक्यावर घेत आणि छत्री काखेतच ठेवत. छत्री होती ती दाखवायला, मोजायला आणि मत द्यायला. मत द्यायला म्हणजे असं : ग्रामपंचायतीची सभा त्यांनी कधी चुकवली नाही आणि सभेत आत कधी बसले नाहीत. कचेरीच्या खिडकीबाहेर जांभ्या दगडाचा एक चिरा टाकला होता, त्यावर बसायचे. ठराव मताला आला की खिडकीतून छत्री आत यायची. उभी झाली तर मान्य, आडवी झाली तर अमान्य. नवा ग्रामसेवक आला तेव्हा तो म्हणाला, "आबा, आत या की, खुर्ची आहे."

"खुर्ची हाय म्हणूनच भायेर बसलोय," आबा म्हणाले.

सरकार म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कुळकायदा, सोसायटी, कुटुंबनियोजनाची गाडी, जे जे जीपमधून आलं ते सगळं त्यांना सारखंच संशयाचं. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा प्रश्न ठरलेला होता : "येताना काय आणलाव ता कळला. जाताना काय नेणार ता सांगा." बहुतेकांकडे याचं उत्तर नसे. ते चहा पिऊन निघून जात.

नवी वस्तू घरात घ्यायच्या आधी वर्षभर पडवीत ठेवायची, हा त्यांच्या घरचा कायदा. रेडिओ वर्षभर पडवीत बोलला. सुनेच्या भावानं मुंबईहून प्रेशर कुकर आणला, तोही वर्षभर पडवीत बसला; तोवर त्यात कुळथाचं बी ठेवलं होतं. "त्याला आमची सवय होऊं दे, आमाला त्याची होऊं दे. वरीस गेला नि भांडण नाय झाला, तर आत येईल." मला पहिल्यांदा पडवीत पाट दिला तेव्हा मी विचारलं, "मी किती दिवस इथे?" म्हणाले, "तू माणूस हायस गो बाय. तुला सा म्हयने."

मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून ते वर्तमानपत्र मागवत, ते आठ दिवस वाशात खोचून ठेवत आणि मग वाचत. आठ दिवसांनीही जी बातमी खरी राहते तेवढीच वाचायची, बाकीचा वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा गिरणीत होता. संपामुळे तो आणि वाडीतले बरेच पुरुष त्या वर्षी घरी होते. गिरण्यांच्या बातम्या मात्र आबा त्याला त्याच दिवशी वाचू देत, आणि स्वतः त्या वेळी गोठ्यात जाऊन बसत.

पण आमच्या कामाशी जिचा थेट संबंध होता ती त्यांची सवय आम्हाला उशिरा कळली. रोज उजाडल्यावर ते सड्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. खाली वाडी. कौलांतून चुलींचा धूर वर यायला लागला की छत्रीनं एकेक घर मोजायचे. बावीस झाले की खाली यायचे. एकवीस झाले तर ज्या घराचा नाही त्या घरी आधी जायचे. कोणी आजारी आहे का, तांदूळ संपले का, सासूसुनेचं वाजलं का. वाडीत कोणी दोन दिवस उपाशी राहिलं आणि कोणाला कळलं नाही असं आबांच्या काळात झालं नव्हतं. आणि आम्ही निघालो होतो तोच धूर बंद करायला.

पहिली सभा साहेबांनी घेतली. साहेब पुण्याचे, हुशार आणि कळकळीचे. त्यांनी पडवीच्या भिंतीला तक्ते लावले. जगभरच्या कारखान्यांचा, मोटारींचा, चुलींचा धूर आकाशात साठतो आहे, जंगलं तुटताहेत, पृथ्वी हळूहळू तापते आहे, शंभर वर्षांत समुद्र वर चढेल. त्या काळी हे बोलणारी माणसं थोडी होती. आता वर्तमानपत्रांतूनही यायला लागलं आहे. साहेब खरं बोलत होते.

आबा पायरीवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शंभर वर्सांनी?"

"हो."

"तवर तुमची बदली झालेली असंल."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आबा, विषय गंभीर आहे. समुद्र वर येणार आहे."

"तो येईल तवा येईल. आमचा पऱ्या खाली गेलाय, त्याचा बोला."

पऱ्या म्हणजे वाडीवरून वाहणारा ओढा. साहेबांच्या तक्त्यांत पऱ्या नव्हता. ते पुन्हा समुद्राकडे वळले आणि माणसं एकेक करून उठायला लागली. परतताना सड्यावर साहेब म्हणाले, "प्रतिगामी माणूस आहे. तो आहे तोवर इथे काही होणार नाही. नाव काढा यादीतून."

मी काढलं नाही. यादीतून गाव काढायचं तर शेजारी कारण लिहावं लागे, आणि 'प्रतिगामी' हे कारण मला लिहिता येईना. दहा दिवसांनी मी एकटीच गेले, तक्ते न घेता. म्हटलं, "आबा, तुमचा पऱ्या दाखवा."

त्यांनी छत्री काखेत मारली आणि चालायला लागले.

पऱ्याचा उगम देवरहाटीत होता. देवरहाटी म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा वाडीचा जुना नेम. आत इतकं गार होतं की मी पदर अंगाभोवती घेतला. झऱ्याच्या जागी ओले दगड होते. रानाच्या कडेला आबा थांबले आणि छत्रीनं एका ठिकाणचा पालापाचोळा बाजूला केला. खाली कोयत्यानं तोडलेलं ताजं खोड होतं. मग आणखी एक. अशी सहा खोडं दाखवली. दाखवून झालं की प्रत्येकावर पाला पुन्हा होता तसा लोटला.

"कोणी तोडली?"

"बायांनी. सड्याखालचा रान कोळशाच्या भट्ट्यांत गेला. सरपण आणायचा कुठून? पाला टाकतात वर, म्हंजे देवीला दिसू नये." मग म्हणाले, "ह्यातला एक माज्या सुनेनं तोडलान."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो तर ती भात कशावर शिजवील?" ते एका दगडावर बसले. "माज्या बापानं माज्या हाती दिलान तवा ह्यो पऱ्या शिमग्यापर्यंत व्हायचा. आता पौषात दगड दिसतात. मी फुडं काय देऊ?"

साहेबांचा एकही मुद्दा मी काढला नाही. पृथ्वी काढली नाही, समुद्र काढला नाही. एवढंच विचारलं, "नऊ घरांत पुरेशी गुरं आहेत. त्या नऊ चुलींना लाकूड लागलंच नाही, तर?"

त्यांचा ठरलेला प्रश्न आला. "नि जाताना काय नेणार?"

"धूर."

"मंग मी सकाळी काय मोजू?"

तेव्हा त्यांनी मला ती सवय सांगितली. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला तो तिथे. म्हणाले, "नऊ घरांत पायांनी जाईन. तेवढा चालवताय अजून."

मग त्यांनी अट घातली. देवीच्या नैवेद्याची पाळी वाडीत घराघरांतून फिरते. ज्या शेगडीवर नैवेद्य शिजणार तिच्या खड्ड्यात गोठ्यातलं शेण आणि पाणी सोडून काही जाता कामा नये. काही गावांत संडास या खड्ड्यांना जोडतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"आमच्याकडं ता चालायचा नाय."

"नाही जोडणार."

"नक्की?"

"नक्की."

"मंग कौल लावूया. देवीला इचारल्याबिगर जमीन उघडायची नाय."

असा तो बारा फेब्रुवारीचा रविवार आला. साहेब घड्याळ बघत उभे होते. आबा नवा पंचा नेसून देवीसमोर उभे राहिले. छत्री त्या दिवशी त्यांनी देवळाबाहेर ठेवली होती.

"आई, तुजी लेकरा तुज्या पायाशी उभी हायत."

"होय महाराजा," सगळा मंडप म्हणाला.

"तुजा रान राखायसाठी नऊ घरांत नवी चूल करतोय."

"होय महाराजा."

"ह्या खड्ड्यांत गोठ्यातल्या शेणाबिगर काय जायाचा नाय. मी जाऊ देणार नाय. त्यात चूक झाली तर ती वाडीची नाय, माजी एकट्याची."

इथे 'होय महाराजा' लगेच आलं नाही. गुरवानं मान वळवून आबांकडे पाहिलं. मग लोक म्हणाले, पण हळू.

गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले. आम्ही वाट बघत राहिलो. उजव्या अंगाचा कळा पडला, म्हणजे होकार. परतताना साहेब म्हणाले, "एक कळी पडली आणि विज्ञान मान्य झालं." मीही हसले होते.

जांभा खणणं सोपं नसतं, पण संपामुळे हात रिकामे होते. सहा आठवड्यांत नऊ खड्डे झाले आणि त्यांवर गॅस धरणाऱ्या नऊ लोखंडी टाक्या बसल्या. पहिला गॅस आबांच्या घरी आला. शेगडी वर्षभर पडवीत राहणार असं मी धरूनच चालले होते, पण ते सुनेला म्हणाले, "आत ने. कौल झालाय." त्या घरात वर्ष न काढता आत गेलेली ती एकच वस्तू. सुनेनं काडी लावली. निळी ज्योत बघून ती म्हणाली, "आवाज करत्ये, पण डोल्यांत जात नाय." तिला कित्येक वर्षांचा खोकला होता. चैत्र संपेपर्यंत तो बराच कमी झाला, हे मी स्वतः पाहिलं.

आणि आबा सकाळी सड्यावरून तेरा धूर मोजून खाली येत आणि मग नऊ घरांच्या दारांत जाऊन खाकरत. बायांना गंमत वाटायची. एकीनं माझ्यादेखत आतूनच सांगितलं, "जिते हाव हो आबा. चाय घेतलाव की जावा." तिसऱ्या घरापर्यंत त्यांचा तिसरा चहा व्हायचा. "तुजा गॅस मला चायनं मारील," ते मला म्हणाले. मी इतकी खूश होते की पुढच्या वर्षी उरलेल्या तेरा घरांचं काय करायचं त्याची यादी करायला घेतली.

शब्द मोडला तो मी, आणि तोही वाडीपासून लांब, टेबलावर बसून.

नऊ घरांचे फॉर्म मी फेब्रुवारीतच सह्या घेऊन ठेवले होते, कोरे. सगळ्याच गावांत आम्ही तसं करत होतो. लोकांना सहीसाठी हेलपाटा नको. आबांनी सरकारी कागदावर स्वतःहून कधी सही केली नव्हती. फॉर्म त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "ह्यात काय लिवलेला नाय."

"मी भरेन नंतर."

"तू भरशील ना?"

"हो."

"मंग झाला," म्हणाले आणि सावकाश, एकेक अक्षर वळवत सही केली.

मार्चअखेर वरून तक्ता आला. आमच्या वाट्याच्या संयंत्रांपैकी चार संडास जोडलेली दाखवायची होती. आमच्याकडे जिल्हाभरात तसं एकही नव्हतं. साहेब म्हणाले, "बघा काय करता येतं ते. पुढच्या वर्षी कुठेतरी जोडून टाकू." फॉर्मवर त्यासाठी एक चौकट होती. गठ्ठ्यातल्या वरच्या चार फॉर्मांवर मी 'आहे' अशी खूण केली. गठ्ठा मी काम पुरं झालं त्या क्रमानं लावला होता. सगळ्यांत वर आबांचा फॉर्म होता.

खूण करताना आबांची आठवण झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली. पण कागद तिकडे जाणार, वाडी इकडे राहणार, त्या दोघांची गाठ कशाला पडेल, असं मला वाटलं. आणि तक्त्यात रिकामी चौकट ठेवून पाकीट बंद करणं मला कधी जमलं नव्हतं.

मे महिन्यात एक तपासणीस वाडीत गेला. मी नव्हते, झालं ते मला नंतर सुनेनं सांगितलं. तो उन्हातून सडा चालून आलेला, वैतागलेला. आबांच्या पडवीत बसला, दहाबारा माणसं जमली. त्यानं चार नावं वाचली आणि विचारलं, "संडास कुठे आहे?"

"आमच्याकडं संडास नाय," आबा म्हणाले.

"फॉर्मवर आहे. गॅसला जोडलेला. ही सही तुमची ना?"

आबांनी कागद लांब धरून पाहिला. "सय माजी हाय."

"मग?"

"सय माजी हाय."

तपासणिसानं ताक प्यायलं, पावसाआधी बांधून जोडून घ्या म्हणून सांगितलं आणि तो गेला. त्याच्या लेखी विषय संपला. संध्याकाळपर्यंत बावीस घरांत एकच बोलणं होतं : देवीसमोर एक बोलला नि सरकारला दुसरं लिवून दिलान. खड्ड्यात शेणाशिवाय काही गेलेलं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आबांनी जाऊ द्यायचं कबूल केलं, तेही लपवून, हे त्या सहीनं सिद्ध झालं होतं. ज्या माणसाकडे शब्दाशिवाय दुसरं काही पद नव्हतं, त्याचा शब्दच गेला.

तीन दिवसांनी मी गेले. आबा पडवीत बसले होते. वाडीत शिरल्यापासून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

"बाय, ती खूण तू केलीस?"

"हो."

"माज्या सयवर?"

"हो. नुसतं कागदापुरतं होतं, आबा. आम्ही खरंच काही जोडणार नव्हतो."

त्यांनी त्यावर विचार केला. "म्हंजे तुमच्यात कागदावर खोटा लिवला तर चालताय." रागावून नाही, परगावची एखादी रीत समजून घ्यावी तसं म्हणाले. मग म्हणाले, "सोमवारी सगळे देवळात बसणार हायत. येशील?"

"येते," मी म्हटलं.

रत्नागिरीला येऊन मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथे उभं राहून फॉर्म खोटा होता म्हणालात, तर बाकीचे सगळे फॉर्म उघडतील. इतर गावांतली कामं थांबतील. तुमच्याच बायकांच्या डोळ्यांत पुन्हा धूर. एका म्हाताऱ्याच्या मानासाठी?" मला ते पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं. त्या सोमवारच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : मासिक आढावा, कार्यालय, हजर सात.

देवळात आबा एकटे उभे राहिले, हेही सुनेनंच नंतर सांगितलं. लोकांनी विचारलं, फॉर्म कोणी भरलान? ते म्हणाले, सय माजी हाय. कोणीतरी म्हणालं, ती रत्नागिरीची बाई येत होती, तिनंच केलं असणार. त्यावर आबा म्हणाले, "तिचा नाव काढू नका. गाऱ्हाणं मी घातला, सय मी केली. चूक माजी एकट्याची, ता मी आधीच सांगितला हाय." मग त्यांनी गावकरीचा मान चुलतभावाच्या घरी दिला आणि मंडपातून खाली उतरून मागच्या रांगेत जाऊन बसले. त्यांचा मुलगाही त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

ते मला वाचवत होते की फक्त बोलल्याप्रमाणे वागत होते, हे मी ठरवू शकलेले नाही. बहुधा दुसरं. त्यांच्या दृष्टीनं त्यात मला वाचवण्यासारखं काही नसावं.

दिवाळीपर्यंत नऊपैकी सात शेगड्या बंद झाल्या. टाक्या उलट्या करून लोकांनी त्यांत गुरांचं पाणी भरलं. आबांच्या घरची चालू राहिली, पण नैवेद्याची पाळी त्यांच्या घरावरून पुढे जाऊ लागली. सुनेनं विचारलं, आपणही बंद करायची का, तर म्हणाले, "खड्ड्यानं काय केलाय?" देवरहाटीच्या कडेनं खोडं वाढत गेली, आता पाला टाकायचीही कोणाला गरज वाटेना. साहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं की सामाजिक मागासलेपणामुळे या वाडीत प्रतिसाद टिकला नाही. अहवाल मीच टंकायला दिला, मीच तपासला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

एकदाच पुन्हा भेट झाली, दोन वर्षांनी, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात. सून त्यांना मोतीबिंदूसाठी घेऊन आली होती. एका डोळ्यावर पट्टी, काखेत छत्री. माझा आवाज ओळखून म्हणाले, "काय गो बाय, याद्या चालू हायत मा?"

"चालू आहेत."

"त्यात आमच्या पऱ्याचा काय तरी लिव."

मी म्हणाले, लिहिते. मला आणखीही बोलायचं होतं. वाक्य तयारसुद्धा होतं, अगदी लहान. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला आणि सुनेनं त्यांना हाताला धरून आत नेलं. मी थांबले असते तर ते अर्ध्या तासात बाहेर आले असते. मी थांबले नाही.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात ते गेले. सुनेचं कार्ड आलं. तिनं एवढंच लिहिलं होतं की आबा शनिवारी गेले, गॅस चालू आहे, आणि शिमग्याला पालखी आमच्या अंगणात थांबत नाही.

साहेब कधीच दुसऱ्या राज्यात निघून गेले. कार्यालय आता माझ्याकडे आहे. ते जुने फॉर्म नियमाप्रमाणे निकाली निघाले. ते उघडले जातील अशी भीती आता कोणालाच नाही. फाट्याला सकाळची एक एस. टी. वाढली आहे. त्यांचा मुलगा गिरणीत परत गेला नाही, वाडीतच आहे, आणि पालखीच्या वेळी सगळ्यांत मागे चालतो. आबांना त्या खुणेची काही कल्पना नव्हती, खूण मी केली, येते म्हणून सांगून मी आले नाही, एवढं देवळात सगळ्यांसमोर सांगायला पाच मिनिटं पुरतील. त्यानं मान परत मिळेल का, हे गाव ठरवील. पण त्या मुलाला कळेल, आणि सुनेलाही. तिला अजूनही पूर्ण माहीत नाही.

शिमगा पंधरा दिवसांवर आला आहे. पालखी बाहेर निघण्याआधी सगळी वाडी देवळात जमते. मागच्या वर्षीही जमली होती, त्याच्या मागच्या वर्षीही. बाहेरच्या बाईला मंडपात बोलायचं असेल तर कोणाची परवानगी घ्यावी लागते, हे सुनेला पत्रानं विचारायचं आहे. पत्र अजून लिहिलेलं नाही.